लंडनच्या पोटातली आगगाडी

इतिहासावरील व्याख्यान म्हटले की गड, लढाया, तह आणि राज्यारोहणे यांची अपेक्षा धरून श्रोते येतात, आणि त्यात वावगे काही नाही. पण शहरांनाही इतिहास असतो, आणि त्या इतिहासाची काही पाने जमिनीच्या वर सापडत नाहीत. पुण्यात दिवाणी न्यायालयापासून स्वारगेटपर्यंत मुठेच्या पात्राखालून गाडी सप्टेंबर २०२४ मध्ये धावू लागली. मुंबईत आरे ते कफ परेड हा साडेतेहेतीस किलोमीटरांचा, जवळजवळ सगळाच भुयारी असलेला मार्ग ऑक्टोबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५ या वर्षभरात टप्प्याटप्प्याने खुला झाला. कलकत्त्याला तर १९८४ पासून भुयारी गाडी आहे. या साऱ्यांची पणजी म्हणजे लंडनची भुयारी रेल्वे. तिचा जन्म आणि तिची वाढ कशी झाली, आणि मुख्य म्हणजे तिची किंमत कोणी मोजली, हे आज पाहावे असे आम्ही योजिले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनची वस्ती सुमारे दहा लाख होती. १८५१ च्या शिरगणतीत ती साडेतेवीस लाखांच्या पुढे गेली. एवढी माणसे आली, पण रस्ते मात्र मध्ययुगातलेच राहिले. भरीला भर म्हणून चहूकडून आलेल्या आगगाड्या पॅडिंग्टन, यूस्टन, किंग्ज क्रॉस अशा वेशीबाहेरच्या स्थानकांवर आपापले प्रवासी ओतू लागल्या. शहराच्या ऐन मध्यभागी रेल्वे येऊ द्यायची नाही असा सल्ला १८४६ मध्ये एका शाही आयोगाने दिला होता, आणि तो बव्हंशी पाळला गेला. परिणामी स्थानकापासून पेढीपर्यंतचा दोन-तीन मैलांचा टप्पा हाच सगळ्या प्रवासातला जीवघेणा भाग होऊन बसला. घोड्यांच्या बसगाड्या, भाड्याच्या बग्ग्या, कोळशाचे छकडे आणि कत्तलखान्याकडे हाकलेली गुरे ही सगळी एकाच रस्त्यावर. ज्याच्या खिशात बसचे भाडे नसे तो पायी जाई. आणि असे लोकच अधिक होते. पायी जाणाऱ्याला कामाच्या जवळच राहावे लागते, आणि जवळ राहावयाचे तर एका खोलीत दोन-दोन कुटुंबे कोंबून राहावे लागते.

ही गाठ ज्याने प्रथम ओळखली तो मनुष्य इंजिनियर नव्हता, वकील होता. चार्ल्स पिअर्सन हा लंडनच्या सिटी कॉर्पोरेशनचा कायदेशीर सल्लागार. १६६६ च्या मोठ्या आगीचा दोष कॅथॉलिकांच्या माथी मारणारे शब्द त्या आगीच्या स्मारकस्तंभावर कोरलेले होते. ते खोडून टाकण्याच्या चळवळीत तो पुढे होता, एवढ्यावरून त्याचा पिंड ध्यानात यावा. १८४५ च्या सुमारास त्याने फ्लीट नदीच्या खोऱ्यातून जमिनीखालून रेल्वे नेण्याची कल्पना मांडली. लोकांनी त्याची थट्टा केली. पण पिअर्सनला गाडीपेक्षा घराची काळजी होती, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. त्याचे म्हणणे असे की, कामगारासाठी गावाबाहेर मोकळ्या हवेत घरे बांधावीत आणि स्वस्त भाड्यात त्याला रोज कामावर आणून सोडावे, म्हणजे शहराच्या पोटातल्या गलिच्छ वस्त्या आपोआप विरळ होतील. रेल्वे हे साधन, घर हे साध्य. पुढच्या दीडशे वर्षांत साधन वाढत गेले आणि साध्य अनेकदा हातून निसटले. ते कसे, हे पुढे येईलच.

एक योगायोग सांगण्याजोगा आहे. बोरीबंदराहून ठाण्याला आपली पहिली गाडी सुटली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टात लंडनच्या भुयारी रेल्वेचा पहिला कायदा पार्लमेंटने मंजूर केला. पण कायदा झाला तरी पैसा कोण देणार? क्रिमियाचे युद्ध सुरू झाले, भांडवलदार हात आखडून बसले. जमिनीखालून जाणाऱ्या गाडीत माणूस तिकीट काढून बसेल यावर कोणाचा विश्वास नव्हता. अखेर १८५९ मध्ये पिअर्सनच्या खटपटीने सिटी कॉर्पोरेशनने दोन लाख पौंडांचे भाग घेतले, तेव्हा कोठे गाडे हलले. म्हणजे जगातली पहिली भुयारी रेल्वे खाजगी कंपनीची असली तरी ती उभी राहिली सार्वजनिक पैशाच्या टेकूवर, हे विसरता कामा नये.

१८६० मध्ये काम सुरू झाले. मुख्य इंजिनियर जॉन फाउलर. मार्ग पॅडिंग्टनपासून फॅरिंग्डन स्ट्रीटपर्यंत, सुमारे पावणेचार मैलांचा. पद्धत अगदी साधी: रस्ता उभा चिरावयाचा, खोल चर खणावयाचा, दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती, वर विटांची कमान, आणि कमानीवर पुन्हा माती लोटून रस्ता पूर्ववत करावयाचा. खणा आणि झाका. ऐकावयास सोपे, पण त्या रस्त्याखाली गॅसचे नळ, पाण्याचे नळ आणि शहराची गटारे होती, ती सगळी आधी हलवावी लागली. दुकानदारांच्या दाराशी दोन-अडीच वर्षे लाकडी फळ्या आणि चिखल. आपल्याकडे अलीकडे ज्यांच्या दारापुढे पत्र्याचे कुंपण उभे राहिले होते, त्यांना याचे अधिक वर्णन करून सांगावयास नको.

फ्लीट ही एके काळची नदी. तोवर ती सांडपाण्याचे झाकलेले गटार होऊन बसली होती. जून १८६२ मध्ये ते गटार फुटले आणि मैल्याचा लोंढा नव्या भुयारात शिरला. भिंती ढासळल्या, काम कित्येक महिने मागे पडले. तरी शेवटी ९ जानेवारी १८६३ रोजी उद्घाटनाचा समारंभ झाला आणि दुसऱ्या दिवशी लोकांसाठी गाड्या सुरू झाल्या. त्या एका दिवसात सुमारे ३८ हजार माणसे बसली. पहिल्या वर्षात ९५ लाखांच्या आसपास. पंतप्रधान पामर्स्टन यांना समारंभाचे निमंत्रण होते. वय अठ्ठ्याहत्तर. या वयात जितके दिवस जमिनीच्या वर राहता येईल तितके बरे, असे म्हणून त्यांनी नकार दिला अशी आख्यायिका आहे. पिअर्सन मात्र समारंभाला येऊ शकला नाही. तो चार महिन्यांपूर्वीच, सप्टेंबर १८६२ मध्ये, वारला होता. कंपनीकडून त्याने स्वतःसाठी मोबदला घेतला नव्हता.

गाडीला इंजिन वाफेचेच. धूर नसलेले इंजिन करण्याचा फाउलरचा प्रयोग फसला होता. तेव्हा वाफ पाण्याच्या टाकीत कोंडणारी इंजिने आली, तरीही गंधकाचा वास, काजळी आणि गॅसदिव्यांचा पिवळा उजेड यांतूनच प्रवास होई. तरी लोक बसतच राहिले, कारण वरच्या रस्त्यावर तासभर खोळंबण्यापेक्षा खाली पंधरा मिनिटे खोकणे त्यांनी पत्करले. मे १८६४ पासून पहाटेच्या कामगार-गाड्या सुरू झाल्या. जाऊन-येऊन तीन पेन्स. पिअर्सनच्या स्वप्नाचा एवढा भाग तरी लवकर खरा ठरला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फ्लीटच्या खोऱ्यातली ज्यांची घरे या मार्गासाठी पाडली गेली ते बहुतेक आठवड्याच्या भाड्याने राहणारे गरीब. घरमालकाला भरपाई मिळाली. भाडेकऱ्याला दुसरे घर देण्याचे बंधन त्या काळी कंपनीवर नव्हते. रेल्वे मुद्दाम गरीब वस्तीतून नेली जाई, कारण तेथली जमीन स्वस्त आणि तेथल्या रहिवाशांना आवाज नाही. उलट गलिच्छ वस्ती हटली म्हणून सुधारणेचे श्रेयही घेतले जाई. हजारो माणसे उठली आणि काम जवळपासच असल्यामुळे शेजारच्या, आधीच तुडुंब भरलेल्या गल्ल्यांत जाऊन राहिली. ज्या गर्दीवर औषध म्हणून ही रेल्वे आली, तीच गर्दी पहिल्या घावात वाढली. मुंबईत गिरगाव-काळबादेवीच्या चाळींतील रहिवाशांनी आम्हांला येथेच घर द्या असा आग्रह धरला, आणि त्याच भागात नव्या इमारती बांधून पुनर्वसन करण्याचे ठरले. फ्लीटच्या खोऱ्यात असे मागावयाचे कोणाला सुचले असते तरी ऐकणारा कोणी नव्हता.

श्रीमंत वस्तीत मात्र निराळा न्याय. बेझवॉटर भागात लेन्स्टर गार्डन्स नावाची देखण्या घरांची ओळ आहे. तिच्यातली २३ आणि २४ क्रमांकांची घरे रेल्वेसाठी पाडावी लागली. इंजिनाला धूर सोडण्यासाठी तेथे उघडा चर ठेवणे भाग होते. तेव्हा ओळीची शोभा बिघडू नये म्हणून कंपनीने तेथे खिडक्या, खांब, सज्जे यांसह नुसता दर्शनी मुखवटा बांधून दिला. मागे घर नाही, दाराला पत्रपेटी नाही. हा मुखवटा आजही उभा आहे.

मेट्रोपोलिटन आणि डिस्ट्रिक्ट या दोन कंपन्यांनी मिळून शहराभोवतीचे वर्तुळ पुरे करावयाचे होते. एडवर्ड वॉटकिन आणि जेम्स स्टाट्स फोर्ब्झ या त्यांच्या दोन प्रमुखांच्या वैरामुळे ते १८८४ पर्यंत रखडले. भाऊबंदकी ही केवळ आमचीच मिरास नव्हे, एवढे म्हणून पुढे जाऊ.

खणा आणि झाका या पद्धतीला एक मर्यादा होती: वर रस्ता पाहिजे. जेथे रुंद रस्ता नाही, जेथे नदी आहे, तेथे काय करावयाचे? याचे उत्तर एका किड्याने दिले असे म्हणतात. जहाजाच्या लाकडात शिरून ते पोखरणारा एक सागरी जीव आहे. त्याच्या डोक्यावर कठीण कवच असते. तो पुढे कोरतो आणि मागच्या बिळाला आतून लेप देत जातो. मार्क ब्रुनेल या फ्रान्समध्ये जन्मलेल्या इंजिनियराने त्यावरून लोखंडी ढालीची कल्पना घेतली. ढाल म्हणजे एक प्रचंड चौकट. तिच्यात तीन मजले, छत्तीस खण, प्रत्येक खणात एक मजूर. मजुराने समोरची एक फळी काढावयाची, चार-साडेचार इंच माती खणावयाची, फळी पुन्हा पुढे बसवावयाची. सगळ्या फळ्या पुढे गेल्या की मागच्या पक्क्या विटकामावर जोर देऊन चौकट पुढे रेटावयाची. माती कोसळावयास उघडी जागाच ठेवावयाची नाही, हे तिचे मर्म. १८२५ मध्ये थेम्सखाली काम सुरू झाले. नदी एकाहून अधिक वेळा आत शिरली. जानेवारी १८२८ च्या पुरात सहा माणसे बुडाली आणि ब्रुनेलचा मुलगा इझंबार्ड मरता मरता वाचला. पैसा संपला, भुयाराचे तोंड विटांनी चिणले गेले आणि काम सात वर्षे बंद राहिले. १८४३ मध्ये ते खुले झाले तेव्हा त्यात गाड्या नव्हत्या, पायी हिंडणारे प्रेक्षक होते. आगगाडी त्यातून गेली १८६९ मध्ये. आणि अजूनही जाते.

त्याच १८६९ मध्ये जेम्स हेन्री ग्रेटहेड या दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या पंचविशीतल्या तरुणाने थेम्सखाली दुसरे भुयार खणावयास घेतले. चौकोनी ढालीच्या जागी त्याने गोल नळकांड्यासारखी ढाल वापरली, आणि विटांच्या जागी ओतीव लोखंडाच्या तुकड्यांची कडी एकमेकांना जोडत नेली. ब्रुनेलला अठरा वर्षे लागली. याला वर्षही लागले नाही. अर्थात भुयार फारच लहान होते, पण पद्धत सिद्ध झाली. तिला साथ मिळाली लंडनच्या मातीची. नदीच्या उत्तरेस शहराखाली निळसर चिकणमातीचा जाड थर आहे. ती पाणी झिरपू देत नाही, लोण्यासारखी कापली जाते आणि कापल्यावर काही काळ आपल्या जागी उभी राहते. दक्षिणेकडे वाळू, रेती आणि पाणी अधिक. लंडनच्या भुयारी नकाशात नदीच्या उत्तरेस जाळे आणि दक्षिणेस जेमतेम काही रेषा दिसतात. त्याची कारणे इतरही आहेत, पण पहिले कारण भूगर्भात आहे.

ग्रेटहेडच्या पद्धतीने खोदलेली सिटी अँड साउथ लंडन रेल्वे डिसेंबर १८९० मध्ये लोकांसाठी सुरू झाली. प्रथम ती दोराने ओढण्याचा बेत होता. दोर पुरवणारी कंपनी बुडाली आणि विजेची इंजिने घ्यावी लागली. अशा अपघाताने जगातली पहिली खोल भुयारी विजेची रेल्वे जन्मास आली. डब्यांना खिडक्या जवळपास नव्हत्याच, कारण बाहेर पाहावयाचे काय? प्रवासी त्या डब्यांना वेड्यांच्या इस्पितळातील गादी लावलेल्या कोठड्या म्हणत. या भुयारांची वळणे पाहिली म्हणजे कायदा कसा लोखंडाला वाकवतो ते दिसते. घराखालच्या जमिनीवर घरमालकाची मालकी असल्यामुळे त्याला पैसे द्यावे लागत. म्हणून कंपन्या होता होईल तो सार्वजनिक रस्त्याखालूनच भुयार नेत. एका अरुंद गल्लीखाली तर दोन भुयारे शेजारी मावेनात म्हणून एकावर एक बांधली. १९०० मध्ये उघडलेल्या सेंट्रल लंडन रेल्वेच्या बँक स्टेशनवर फलाट आणि डबा यांत जी फट पडते, तिचेही मूळ वरच्या रस्त्याच्या वळणात आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चार्ल्स यर्कीझ या अमेरिकन भांडवलदाराने विजेचे मोठे केंद्र उभारून आणि कंपन्या गिळंकृत करून तीन नव्या खोल रेल्वे बांधावयास घेतल्या. गृहस्थाची कीर्ती शिकागोत फारशी चांगली नव्हती. त्या रेल्वे १९०६-०७ मध्ये उघडल्या, पण तो १९०५ मध्येच वारला. भागधारकांना अपेक्षित नफा कधीच मिळाला नाही. भुयारी रेल्वे तिकिटाच्या पैशातून आपल्या बांधणीचा खर्च क्वचितच काढते, हा धडा लंडनने येथे घेतला. तो घेतला मात्र भागधारकांच्या खर्चाने.

दोन महायुद्धांच्या मधला काळ हा या रेल्वेचा सुवर्णकाळ म्हणतात. फ्रँक पिक या प्रशासकाने अक्षरे, फलक, स्टेशनांच्या इमारती या साऱ्यांना एक घाट दिला. १९३१ मध्ये हॅरी बेक या आराखडे काढणाऱ्या नोकराने, अंतरांची पर्वा न करता, सरळ आणि पंचेचाळीस अंशांच्या रेषांनी नकाशा काढला. जमिनीखालच्या प्रवाशाला दिशा नको असते, क्रम पाहिजे असतो, हे त्याने ओळखले. प्रथम तो नकाशा नाकारला गेला, १९३३ मध्ये छापला गेला, आणि आज जगातल्या बहुतेक मेट्रोंचे नकाशे त्याचीच नक्कल आहेत. बेकला त्याबद्दल मिळालेले मानधन अगदीच किरकोळ होते. त्याच १९३३ मध्ये सगळ्या कंपन्या एका सार्वजनिक मंडळाच्या हाती आल्या.

याच काळात रुळ उपनगरांत पसरले. मेट्रोपोलिटन कंपनीने तर रुळाकडेच्या जमिनीवर घरे बांधून विकण्याचा जोडधंदाच मांडला. बाग असलेले घर आणि गाडीने कचेरी, हे पिअर्सनचे चित्र अक्षरशः खरे झाले, पण कोणासाठी? कारकुनासाठी, शिक्षकासाठी, बँकेतल्या हिशेबनिसासाठी. ज्या हमालासाठी आणि गोदीतल्या मजुरासाठी त्याने ते रंगवले होते, त्याला घराचा हप्ता परवडत नव्हता. तो पूर्व लंडनमध्येच राहिला.

आणि तेथेच त्याच्यावर बाँब पडले. सप्टेंबर १९४० मध्ये हवाई हल्ले सुरू झाले तेव्हा स्टेशनांचा आसरा म्हणून उपयोग करू द्यावयाचा नाही असे सरकारचे धोरण होते. लोकांनी स्वस्तातले तिकीट काढले, खाली उतरले आणि वर आलेच नाहीत. धोरण बदलावे लागले. त्या महिन्याच्या अखेरीस एका रात्री सुमारे १ लाख ७७ हजार माणसे फलाटांवर झोपली होती. खाली सर्वत्र सुरक्षितता होती असे मात्र नव्हे. १४ ऑक्टोबर १९४० रोजी बॅलम स्टेशनवर रस्ता फोडून बाँब आला आणि साठांहून अधिक माणसे गेली. सर्वांत मोठा अनर्थ घडला तो बाँबने नव्हे. बेथनल ग्रीन हे तेव्हा अर्धवट बांधलेले स्टेशन आसरा म्हणून वापरात होते. ३ मार्च १९४३ च्या रात्री भोंगा झाला, लोक जिना उतरू लागले; जवळच नव्या विमानवेधी अग्निबाणांचा अनोळखी आवाज झाला आणि मागून लोंढा आला. जिन्यात अंधार, मध्ये कठडा नाही. पायथ्याशी एक बाई अडखळली. काही क्षणांत १७३ माणसे चेंगरून मेली. त्यांत ६२ मुले. प्रवेशद्वार मजबूत करण्यासाठी खर्चाची परवानगी स्थानिक नगरपालिकेने आधीच मागितली होती आणि वरिष्ठांनी ती नाकारली होती. खरे कारण सरकारने त्या वेळी बाहेर येऊ दिले नाही. पुरे स्मारक उभे राहिले ते २०१७ मध्ये: डोक्यावर तरंगणारा एक उलटा जिना.

युद्धानंतर मोटारी वाढल्या आणि नव्या मार्गांना पैसा मिळेना. व्हिक्टोरिया मार्गाची मांडणी झाली तेव्हा तिकिटांच्या हिशेबात तो तोट्याचाच दिसत होता. १९६२ मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि लगेच पुढे दोन अर्थशास्त्रज्ञांनी वेगळाच हिशेब मांडला: वाचलेला वेळ, मोकळा झालेला रस्ता, इतर मार्गांवर कमी झालेली गर्दी यांचे मोल धरले तर मार्ग समाजाला परवडतो, आणि लाभाचा मोठा हिस्सा त्या गाडीत कधीही न बसणाऱ्यांना मिळतो. आज कोणत्याही मेट्रोच्या अहवालात हा प्रकार असतो. तेव्हा तो नवा होता. १९६८-६९ मध्ये मार्ग उघडला, स्वयंचलित गाड्यांसह.

नवे बांधताना जुने झिजते, याकडे दुर्लक्ष झाले. १८ नोव्हेंबर १९८७ रोजी किंग्ज क्रॉसला लाकडी सरकत्या जिन्याखाली साचलेल्या वंगणात आणि कचऱ्यात कोणाची तरी पेटती काडी पडली आणि ३१ माणसे मेली. चौकशीत निघाले की अशा लहान आगी कित्येक वर्षे लागत होत्या, पण खात्यात त्यांना आग म्हणण्याचीच पद्धत नव्हती, धुमसणे म्हणत. शब्द सौम्य केला की उपायही सौम्य होतो. त्यानंतर लाकडी जिने काढण्यात आले.

१९९९ मध्ये खुला झालेला ज्युबिली मार्गाचा वाढीव भाग बांधताना वेस्टमिन्स्टरला घड्याळाच्या प्रसिद्ध मनोऱ्याशेजारी खोल खड्डा खणावा लागला. मनोरा कलू नये म्हणून त्याच्या पायाखालच्या मातीत सिमेंटचा पातळ गारा पंपाने भरत राहिले. आणि २००९ मध्ये सुरू झालेला, शहराच्या आरपार जाणारा एलिझाबेथ मार्ग डिसेंबर २०१८ च्या वायद्याऐवजी २४ मे २०२२ रोजी उघडला. खर्च १९ अब्ज पौंडांच्या घरात गेला. नवी ४२ किलोमीटर भुयारे खणणारी यंत्रे ग्रेटहेडच्या ढालीचीच वंशज. प्रत्येकीला बाईचे नाव. थेम्सखालून गेलेल्या दोघींची नावे ब्रुनेल बाप-लेकांच्या बायकांवरून मेरी आणि सोफिया. मुंबईच्या यंत्रांना आपण वैतरणा, गोदावरी अशी नद्यांची नावे दिली.

या खोदकामात लिव्हरपूल स्ट्रीटजवळच्या जुन्या दफनभूमीतून तीन हजारांहून अधिक सांगाडे निघाले. फॅरिंग्डनजवळच्या चार्टरहाउस चौकात पंचवीस सांगाडे सापडले; त्यांतल्या काहींच्या दातांत १३४८ च्या महामारीच्या जंतूंची खूण मिळाली. वर काढलेली लाखो टन माती जहाजांनी एसेक्सच्या किनाऱ्यावर नेऊन पक्ष्यांसाठी पाणथळ जागा तयार करण्यात आली. फिलिस नावाचे यंत्र मात्र वर आणलेच नाही. आतले भाग काढून घेऊन त्याचे लोखंडी कवच जमिनीत तसेच पुरून टाकले, फॅरिंग्डनखाली; १८६३ ची पहिली गाडी जेथे थांबत असे तेथून हाकेच्या अंतरावर.